भिंतीतला ओक

ला कारदोसा, खालचं घर
थाफ्राच्या जत्रेचे दिवस

प्रिय एवारिस्तो,

जत्रेहून आलास ना? मग आधी बूट काढ, तोंडावर पाणी मार आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बस. हे पत्र पुरतं वाचून होईपर्यंत उठायचं नाही, आणि भिंतीकडे तर मुळीच जायचं नाही. पाकिटात कागदाखेरीज आणखी काहीतरी हाताला लागेल, ते आतच राहू दे. लहानपणी तीन राजांच्या सणाला तू सगळ्यांच्या आधी उठून घरभरच्या भेटींचे खोके फोडून ठेवायचास, म्हणून आधीच बजावते.

भिंतीपलीकडे राहणाऱ्या सख्ख्या भावाला पत्र लिहायची वेळ यावी, ह्याचं मला हसू येतं आणि त्याहून जास्त राग येतो. टपालवाल्या बिसिताथिओनने पाकिटावरचा पत्ता बघून कपाळाला हात लावला. म्हणाली, "अगं लेओ, गच्चीवरून हाक मारलीस तरी त्याला ऐकू जाईल. आता हे बादाखोसला जाणार, शिक्का खाऊन परत येणार, आणि मीच ते तुझ्या दारावरून त्याच्या दारात नेऊन टाकणार." मी म्हटलं, टाक की मग, त्याचाच पगार घेतेस ना. हाक मारून बघितली नाही असं तिला वाटत असेल. मी दोन वर्षं मारतेय आणि तू दोन वर्षं ट्रॅक्टरचा आवाज वाढवतोयस.

तर मुद्द्यावर येते. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय आपल्या घरात कुणालाच नव्हती. थाफ्राला निघायच्या आदल्या संध्याकाळी तू लिबोरियोच्या बारमध्ये उभा राहिलास आणि सगळ्यांच्या देखत म्हणालास, "रोमाना वाळतेय ती माझ्या बहिणीच्या मोहरीने. झाडाच्या मुळाशी विष पुरल्यावर दुसरं काय होणार?" आपल्या गावात भिंतींना कान आहेत आणि त्या कानांना पायही आहेत. तुझा ग्लास रिकामा व्हायच्या आत ते वाक्य माझ्या अंगणात येऊन उभं होतं. एवारिस्तो, तू मला हट्टी म्हणालास, मी गिळलं. पुस्तकी म्हणालास, तेही गिळलं. पण रोमानाला मी मारलं? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. असा संताप झाला की ताटातलं तसंच कुत्र्याला घातलं.

रोमाना. तिच्याबद्दल तुला काय सांगायचं, पण आता सांगायलाच हवं, कारण तू विसरलायस असं दिसतं. दर शरदात डुकरं ओकांखाली चरायला सोडायच्या आधी बाबा तिच्या जाड फांदीतल्या लोखंडी आकड्याला तागडी लटकवायचे आणि एकेक डुक्कर वजन करून रानात सोडायचे. तागडीला आपल्याकडे रोमाना म्हणतात, तेच झाडाचं नाव पडलं. डुकरं संपली की आपली पाळी. डुकरांना बांधायच्या त्याच पट्ट्यात पोटाला बांधून आधी मी, मग तू. हिवाळा संपला की पुन्हा वजन. ओकाची फळं खाऊन डुकरं दुप्पट झालेली असायची आणि तू होतास तेवढाच. बाबा म्हणायचे, "ह्या पोरालाही रानात सोडून बघू का?" आणि आई त्यांच्यावर झाडू उगारायची. आता आकड्याभोवती साल चढलीय, नुसतं टोक बाहेर दिसतं.

वाटणी झाली तेव्हा मोजणीवाल्याची रेघ बरोब्बर तिच्या बुंध्यातून गेली. तो म्हणाला, झाड तोडा, नाहीतर रेघ हलवा, नाहीतर पुढे भांडाल. आपण दोघंही एकदम म्हणालो, "झाडाला हात लावायचा नाही." मग गवंड्याने दोन्हीकडून दगडांची भिंत तिच्यापर्यंत आणून सोडली आणि जाडी वाढायला हातभर जागा ठेवली. वरचा उतार आणि मेंढ्या तुझ्याकडे आल्या, ओढ्याकडचा खोलगट भाग आणि डुकरं माझ्याकडे. आपल्या दोघांचं एकमत झालेली ती शेवटची गोष्ट.

आता बाबांचं. त्यांच्या नावावर तू मला दोन वर्षं सोलतोयस, म्हणून हे नीट ऐक. उपासमारीच्या वर्षांनंतर आपल्या पातळ मातीत गवतही धड येत नव्हतं. बाबांनी पोर्तुगालच्या बाजूने खेचरावरून त्रेमोसियाचं बी आणलं आणि ओकांखाली पेरलं. पिवळ्या फुलांचं ते कडधान्य कसल्याही मातीत यायचं, उन्हाळ्यात दुसरं काही उरलं नाही की मेंढ्या त्याच्या वाळक्या शेंगा खाऊन तगायच्या, आणि जमीनही सुधारायची. सगळ्या गावाने बाबांचं बघून पेरलं. आपल्याला लोक त्रेमोसियावाले म्हणायला लागले. सोसायटीच्या सभागृहात हातात फुलांची जुडी धरलेला त्यांचा फोटो लागला. हे सगळं खरं आहे आणि ह्यातलं एक अक्षर मी कधी खोटं म्हटलेलं नाही.

पण मग ओक मरायला लागले. आधी ओढ्याकाठचे, मग खोलगट भागातले. पानं विरळ व्हायची, एक फांदी वाळायची, आणि एका उन्हाळ्यात अख्खं झाड उभ्या उभ्या सुकायचं. सगळे त्याला सेका म्हणायला लागले, म्हणजे वाळ, आणि नाव दिल्यावर काम संपलं असं समजून घरी गेले. कुणी म्हणे पाऊस कमी, कुणी म्हणे भुंगा, पाद्रीबाबा म्हणे देवाची मर्जी. प्रयोगशाळेतून आराथेली आली, ती मोठ्या कानातल्यांची पोरगी, तिने कुणाचं काही ऐकून न घेता खाली बसून मुळं उकरली. जाड मुळं होती, पण पाणी पिणारी बारीक मुळं कुजून काळी पडलेली. ओल्या मातीत बुरशीसारखा एक जीव असतो, तो पाण्यातून पोहत येतो आणि ही बारीक मुळं खातो. भर पावसात झाड तहानेने मरतं. आणि त्या जिवाला सगळ्यात आवडतं काय? त्रेमोसियाचं मूळ. त्यात तो पोसतो, वाढतो आणि मग शेजारच्या ओकाकडे वळतो. आपण इतकी वर्षं प्रत्येक ओकाखाली त्याचं पान वाढून ठेवत होतो.

हे ऐकून मी घरी आले आणि सातुर्निनोला सांगितलं की आता त्रेमोसिया बंद, त्या जागी मोहरी. तो डुकरांना पाणी घालत होता. म्हणाला, "ओकांना सॅलड खायला घालणार का आता?" पण माझ्या नवऱ्याचं एक बरं होतं, टिंगल करायचा आणि मग काम करायचा. शरदात पेरली. मार्चमध्ये अर्धी फुलं उमलली तेव्हा कापली. त्या कामाची एकच अट आहे, आणि ती तू कधी ऐकून घेतली नाहीस. मोहरी चिरडली की तिच्यातून जो झणका सुटतो ना, डोळ्यांना आणि नाकाला झोंबणारा, तोच औषध. तो मातीत कोंडला तर त्या जिवाला मारतो, हवेत गेला तर नुसता आपल्याला रडवतो. म्हणून एक ट्रॅक्टर पुढे मोहरी कापून कुट्टी करत जातो आणि दुसरा त्याच्या शेपटाला धरून ती कुट्टी ओल्या मातीत मिसळत, वरून रूळ दाबत येतो. मधे थांबायचं नाही. मी पुढे, सातुर्निनो मागे, त्याच्या हिरव्या खटाऱ्यावर. पहिल्या दिवशी तो खाली उतरला तेव्हा डोळे लाल, नाक गळतंय. म्हणाला, "सासूबाईंच्या मयतालाही मी एवढा रडलो नव्हतो." आईबद्दल होतं तरी मला हसू आवरेना.

मेलेलं झाड त्याने उठत नाही. तसं मी कधी म्हटलं नाही, आराथेलीही म्हणाली नाही. ते लिबोरियोच्या बारमध्ये शिजलं आणि तिथेच लोक त्याला हसले. पण ज्या झाडांच्या शेंड्यातून आरपार आभाळ दिसत होतं, ती तिसऱ्या वसंतात भरायला लागली. मी रोज उठून त्यांच्या खाली उभी राहून वर बघायचे. मान अवघडायची.

म्हणून मी सोसायटीच्या सभेत उठले. म्हटलं, ओकांखाली त्रेमोसिया पेरणं थांबवा. फार लांब बोलले नाही. आणि तू उठलास. बाबांच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणालास, "त्यांच्या फोटोखाली उभी राहून त्यांना खुनी म्हणतेस? त्यांच्या त्रेमोसियावर वाढलीस तू." मागून कोणीतरी ओरडलं, "मोहरीबाई, भाकरीला लावायला थोडी आम्हालाही द्या," आणि हॉल हसला. हसणाऱ्यांचं मला काही नाही, त्यांच्या रानात अजून सेका शिरलेली नाही, शिरली की हसणं बंद होईल. पण तू हसलास, एवारिस्तो. मी तुझ्याकडेच बघत होते. तेव्हापासून गावात मी मोहरीबाई. फाटकापाशी औषधाच्या पाण्याचं घमेलं ठेवलं, येणाऱ्याने बूट बुडवून यावं, दुसऱ्याच्या रानातला चिखल आत आणू नये, एवढंच. पाद्रीबाबा घराला आशीर्वाद द्यायला आले आणि झगा वर धरून त्याच्यावरून उडी मारून आत आले. तू तर मेंढपाळाच्या हाती निरोप पाठवलास की माझ्या बहिणीला मी महारोगी वाटतो का.

आता मला सांग, मी बाबांचा अपमान कुठे केला? त्यांना जे ठाऊक होतं ते त्यांनी केलं. आणि त्यांची एक खोड तुला आठवते का, की तीही फोटोत अडकली? पीक पिवळं पडलं की आजूबाजूचे लोक कारणं सांगायला लागायचे आणि बाबा कुणाशी न बोलता वाकून एक रोप उपटायचे, मूळ झटकायचे, अंगठ्याने चोळायचे, नाकाला लावायचे. म्हणायचे, "पान खोटं बोलतं. मूळ बघितल्याशिवाय तोंड उघडू नका." तुझ्या वरच्या उतारावर त्रेमोसियात गोल गोल टक्कल पडतंय, ते मला माझ्या गच्चीवरून दिसतं. दोन वर्षांत तू वाकून एक रोप उपटलं नाहीस. बाबा असते तर त्यांनी पहिल्या दिवशी उपटलं असतं, मूळ बघितलं असतं आणि स्वतःच्या हाताने सगळं बी डुकरांना टाकलं असतं. तू त्यांचा फोटो सांभाळतोयस. त्यांची रीत मी सांभाळतेय. आणि लोकांना तू त्यांचा खरा लेक वाटतोस, मी वैरीण.

आणि पाणी. पाणी तर वरून खालीच येणार. हिवाळ्यात तुझ्या उतारावरचा पाऊस भिंतीच्या दगडांतून झिरपत माझ्या रानात उतरतो आणि येताना तुझ्या त्रेमोसियाच्या मुळांतलं सगळं घेऊन येतो. खाली मी मातीत झणका कोंडते, वरून तुझं पाणी येऊन पुन्हा रोग पेरून जातं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, इथे घडा सुलटा आहे आणि पाणीच वाईट आहे. त्या पाण्याच्या वाटेत सगळ्यात आधी कोण उभी आहे? रोमाना. तिचं अर्धं मूळ तुझ्याकडे आहे.

सातुर्निनो गेला तेव्हाचं मला लिहायचं नव्हतं, पण हात थांबत नाही. तू चर्चमध्ये आलास, दाराशी उभा राहिलास, टोपी हातात. सगळं गाव ओळीने येऊन माझा हात हातात घेऊन गेलं, लिबोरियोसुद्धा. मी ओळीच्या शेवटाकडे बघत होते. शेवट आला आणि दार रिकामं होतं. ज्या माणसाने तुझ्या लग्नात तुझ्यासाठी डुक्कर कापलं, तुझा हात मोडला तेव्हा तुझ्या मेंढ्यांची लोकर उतरवली, त्याच्या बायकोच्या हाताला हात लावायला तुला जड गेलं. कारण काय, तर मोहरी.

मग घरी पुष्पचक्र आलं. पांढरी कार्नेशन्स, चिठ्ठी नाही, नाव नाही. माझी मुलगी म्हणाली, फुलवाला नाव लावायला विसरला असेल. फुलवाला विसरत नाही, एवारिस्तो. आईच्या वेळी आपण पांढरी कार्नेशन्स निवडली होती, कारण तिला लाल फुलं भडक वाटायची, आणि हे आपल्या दोघांखेरीज कुणाला माहीत नाही. मी ती फुलं कबरीवर नेली, आणि थोडी घरी ठेवली. त्याच आठवड्यात आराथेली भेटायला आली. भिंतीच्या बुडाशी तुझ्या बाजूने आलेला गाळ साठला होता, त्यातला तिने मूठभर घेतला, बशीत पाणी घालून ढवळला आणि विचारलं की कार्नेशनच्या पाकळ्या मिळतील का. त्या पाण्यावर पाकळ्या तरंगत ठेवायच्या, रोग असला तर त्या डागाळतात. मी तुझ्या चक्रातल्या दिल्या. माझ्या खालच्या मातीच्या बशीत एखादीच पाकळी डागाळली. तुझ्या गाळाच्या बशीत एकही पांढरी उरली नाही. तुझ्याच फुलांनी तुझ्याच मातीचा निकाल दिला. मला आनंद झाला असं समजू नकोस. मी ती बशी ओट्यावर ठेवून तिथेच रडत बसले, आणि तेव्हा घरात मोहरीचं पानही नव्हतं.

मार्चमध्ये मोहरी फुलली. तिला काय माहीत, घरात कोण गेलंय. मी गावातला एक ड्रायव्हर आणला आणि हिरव्या ट्रॅक्टरवर मागे बसवला. तोंडात सिगारेट, कानात गाणी. त्याने गव्हाला घालतात तसं यंत्र खोल घातलं आणि पहिल्याच ओकाखाली माझ्या दंडाएवढं मूळ तोडलं. मला पुढून कट्कन आवाज आला. त्याला खाली उतरवला तो गावापर्यंत चालत गेला. मग मी एकटीने करून बघितलं. आधी कापायचं, मग उतरायचं, दुसऱ्या ट्रॅक्टरवर चढायचं, मागे यायचं. तोवर सगळा झणका वर उडून गेलेला. कुट्टीला नाक लावलं तर नुसता ओल्या गवताचा वास. अख्खं वर्षाचं पीक मी आभाळाला दिलं.

ऑगस्टमध्ये रोमाना पिवळी पडली. आधी तुझ्याकडची फांदी, मग शेंडा. आकड्याच्या वरचा भाग तर पार उघडा दिसतो. आराथेलीने बघून सांगितलं, अजून हातची गेलेली नाही, बारीक मुळं थोडी जिवंत आहेत, पण एकाच अंगाला औषध करून उपयोग नाही, आणि आणखी एक हिवाळा असा गेला तर मग फक्त सरपण.

आणि त्या दिवसांत मी तुला पाहिलं. मी भांडी घासत होते, खिडकीतून भिंत दिसते. तू मेंढ्या सोडून तिच्यापाशी आलास, इकडे तिकडे बघितलंस, आणि हात वर करून त्या आकड्याच्या टोकाला लावलास. बराच वेळ तसाच उभा होतास. मग खाली बसून माती उकरायला लागलास. मला वाटलं, बघ, आता हा मूळ बघणार. मी ओला हात तसाच धरून उभी राहिले. पण तुझा मेंढपाळ आला आणि तू पट्कन उठलास, पायाने माती सारखी केलीस, जणू काही चोरताना सापडलास. बहिणीचं खरं निघेल ह्याची एवढी भीती, की झाड मेलेलं चालेल? ह्याचा राग मला बारमधल्या वाक्यापेक्षा जास्त आहे. बारमध्ये तू खोटं बोललास ते दारूच्या नावावर खपेल. पण तुला शंका आली होती. तू उकरायला बसला होतास, एवारिस्तो, आणि तरीही जाऊन ते बोललास.

आता ऐक मी काय केलं ते. खुर्चीतच राहा. तू थाफ्राला मेंढे बघायला गेलास त्याच सकाळी मी रोमानाच्या शेजारचे भिंतीचे दगड काढून वाट केली आणि ट्रॅक्टर घेऊन तुझ्या रानात शिरले. कुंपण ओलांडलं, गुन्हा केला, शिपायांना बोलवायचं तर बोलव, मी घरीच आहे. तुझा कुत्रा भुंकलासुद्धा नाही, दिवसभर शेपूट हलवत मागे फिरला, तेवढी माणुसकी त्याच्यात आहे. भिंतीलगतचा तुझा पट्टा, तिची मुळं जातात तिथपर्यंत, मी हलक्या हाताने वर वर उकरला, तू पेरलेली त्रेमोसिया मोडली आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना मोहरी टाकली. परवा पाऊस झाला. हे तुझ्या हाती पडेल तेव्हा हिरवी रेघ दिसायला लागली असेल. उखडायची असेल तर उखड, तुझी जमीन आहे. पण आधी वरच्या टकलात जा आणि मागच्या हंगामातलं त्रेमोसियाचं एक धसकट उपटून अंगठ्याने चोळ. बाबांसाठी एवढं कर, माझ्यासाठी नको. आणि नाही उखडलीस, तर मार्चमध्ये अर्धी फुलं उमलतील तेव्हा मी पुढे कापत जाईन, पण मागून कुणीतरी यायला हवं, आणि रोमानाखाली यंत्र चालवायला मला ह्या गावात एकच हात माहीत आहे. बाबा म्हणायचे, लेओ घाई करते, एवारिस्तोचा हात हलका. एवढे कागद काळे केले ते ह्यासाठी. बोलू नकोस हवं तर, दोन ट्रॅक्टरच्या आवाजात तसंही काही ऐकू येत नाही. आता पाकिटातली किल्ली काढ. सातुर्निनोच्या हिरव्या ट्रॅक्टरची आहे. थंडीत तो पहिल्या खेपेला सुरू होत नाही, दुसऱ्यांदा फिरवावी लागते, तेवढ्यावरून चिडून उतरू नकोस.

अजून रागावलेली, पण तुझीच,
लेओ